फिरती शाल

महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला मला बोलायला बोलावलं होतं. विषय ‘वाचन आणि आपण’, म्हणजे काहीही बोललं तरी खपून जाईल असा. चाळीस मिनिटं बोलले, टाळ्या झाल्या, अध्यक्षीणबाईंनी नारळ आणि शाल हातात दिली. शाल प्लास्टिकच्या पिशवीसकटच. पिशवीतून काढली की घडी मोडते आणि मग पुन्हा तशी बसत नाही, म्हणून आमच्याकडे हल्ली अशीच देतात. फोटोवाला ‘मॅडम, जरा वर धरा’ म्हणाला, आम्ही दोघींनी दोन बाजूंनी पिशवी धरून हसून घेतलं, झालं. घरी येऊन नारळ देवापुढे ठेवला आणि शाल नेहमीच्या जागी, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात सारायला गेले. पिशवीचा एक कोपरा फाटला होता आणि त्यातून चार दशा बाहेर आल्या होत्या. त्या बोटांना लागल्या आणि हात थांबला. सत्काराच्या शालीच्या दशा गुळगुळीत असतात, कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या. या तशा नव्हत्या. पीळ दिलेल्या, किंचित खरखरीत, लोकरीच्या होत्या.

पिशवीतून काढून पलंगावर पसरली. राखाडी अंग. दोन्ही टोकांना वीतभर रंगीत पट्टी, पट्टीत काळ्या जमिनीवर पायऱ्यापायऱ्यांची फुलं. डावीकडून तिसऱ्या फुलाच्या वरच्या पाकळीत, जिथं गुलाबी हवं तिथं चार ओळी नारिंगी होत्या.

ही शाल मीच विकत घेतली होती.

आदल्या ऑक्टोबरात कुलूहून आणली होती आणि जानेवारीत वाचनालयातर्फे एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या पंचाहत्तरीला मीच आमच्या अध्यक्षांच्या हाती सोपवली होती. तिथून ती सरांच्या घरी गेली असणार, सरांकडून आणखी कुणाच्या तरी निवृत्तीला, तिथून कुठल्याशा बक्षीस समारंभाला, आणि आठ महिन्यांत तालुक्याची प्रदक्षिणा पुरी करून माझ्याच कपाटापाशी येऊन उभी राहिली. आधी हसू फुटलं. मग जरा रागही आला, की माणसानं उघडून तरी बघावं. मग खालच्या कप्प्याकडे लक्ष गेलं आणि राग गिळला. तिथं अकरा शाली होत्या, अकराही पिशवीबंद, कुणाकुणाच्या सत्काराची वाट बघत. शाली फिरतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. दिवाळीत सोनपापडीचे डबे फिरतात तशा. आमचे बाबा तर प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी सारून ठेवत, कुणी दिली आणि कधी. ज्यानं दिली त्याच्याकडेच परत जाऊ नये, एवढाच हिशेब. बाबा गेल्यावर चिठ्ठ्यांची पद्धत मोडली आणि त्याचा हा परिणाम.

खरी चुटपुट पुढे लागली. सरांनी ती उघडली नाही यात सरांची काही चूक नव्हती. उघडण्याजोगं त्यात काही आहे हे त्यांना कळायला वावच मी ठेवला नव्हता. विणणाऱ्या बाईनं ती मला एका हिंदी वर्तमानपत्रात गुंडाळून, लोकरीच्याच धाग्यानं बांधून दिली होती. सत्काराच्या आदल्या दिवशी ते पुडकं मलाच गबाळं वाटलं. मग कपाटातली एक पिशवी रिकामी केली आणि तिच्यात ही घातली. वरती सोनेरी अक्षरांत ‘शुभेच्छा’. एकदा त्या पिशवीत गेली म्हटल्यावर ती इतर अकरा जणींसारखी दिसू लागली, आणि सगळ्यांनी तिला तसंच वागवलं.

आणि त्या बाईनं मला एक प्रश्न विचारला होता. तो पलंगावरच्या त्या नारिंगी चार ओळींनी पुन्हा समोर आणून ठेवला.

कुलूच्या खोऱ्यातल्या नग्गरच्या वरच्या अंगाला आम्ही चार दिवस राहिलो होतो. दसरा आटोपला होता. कुलूचा दसरा आपला संपतो तेव्हा सुरू होतो आणि पुढे आठवडाभर चालतो, त्यामुळे ढालपूरच्या मैदानावर अजून उठायची राहिलेली दुकानं होती, पालख्या आपापल्या गावी परतल्या होत्या. सफरचंदांचा हंगाम सरला होता, झाडं रिकामी, घरांच्या कडेला गवताचे भारे आणि लाकडांच्या थप्प्या. उन्हात बसलं तर चटका, सावलीत सरकलं की हाडं वाजतात, अशी हवा. आम्ही उतरलो होतो त्याच्या दोन घरं खाली एका व्हरांड्यातून ठक-ठक आवाज यायचा. दोन ठोके, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा दोन ठोके. पहिल्या दिवशी मला वाटलं सुतारकाम चाललंय. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊनच खाली उतरले.

खड्डी म्हणतात तिकडे मागाला. नाव खड्डी, पण खड्डा कुठंच नव्हता, देवदाराच्या फळ्यांवर उभी असलेली चांगली खाटेएवढी लाकडी चौकट होती. बाई तिशीची असेल. पायांत लोकरी मोजे, पाय खालच्या पावड्यांवर, समोर ताणलेले राखाडी उभे धागे. मधलं साधं अंग विणताना धोटा एका हातातून सुटायचा आणि दुसऱ्या हातात जायचा, डोळे मात्र रस्त्यावर, कोण आलं, कोण गेलं. पण मी गेले तेव्हा पट्टी चालली होती, आणि पट्टीला धोटा चालत नाही. प्रत्येक रंगाची एक इवलीशी गुंडी, बोटाच्या पेराएवढी, ताण्यावर लोंबत होती. काळी, पिवळी, हिरवी, गुलाबी, नारिंगी, पांढरी. एका ओळीत ती सहा-सात उभे धागे बोटानं उचलायची, त्यातून गुलाबी गुंडी पलीकडे काढायची, शेजारच्या काळ्याशी तिचा फास घ्यायची, पुढचे चार धागे, पिवळी, पुन्हा फास. ओठ हलत होते, मोजत होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत अशी सगळी फुलं एकेका ओळीनं वाढतात, एकेक फूल पुरं करून पुढे जाता येत नाही. ओळ संपली की फणी दोनदा ओढायची. ठक, ठक. तेवढ्यात केसभर कापड वाढलेलं असायचं. कागद कुठंही नव्हता, नमुना नव्हता. मी विचारलं तर तिनं डोक्याकडे बोट दाखवलं आणि हसली.

मधल्या साध्या अंगाला जेवढे तास, तेवढे दिवस पट्टीला. शाल घेणारा मात्र मीटरच्या हिशेबानं बघतो.

तयार शालींतली राखाडी मी निवडली तेव्हा तिनं आपणहूनच ती चूक दाखवली. संध्याकाळी वीज गेली होती. मोबाइलच्या उजेडात गुलाबी आणि नारिंगी सारखेच दिसले. सकाळी उठून बघते तर चार ओळी चुकलेल्या आणि त्यांच्यावर आणखी ओळी विणून झालेल्या. उसवायची तर सगळी कडेपर्यंत उसवावी लागली असती. “रहने दिया,” ती म्हणाली. आणि अडीच हजारांतले दोनशे कमी केले. मी काही न बोलता ते दोनशे वाचवले. आज लिहिताना मान खाली जातेय, पण तेव्हा मनात आलं होतं ते एवढंच, की सत्कारात तिसरं फूल कोण मोजत बसणार!

मग तिनं विचारलं, कुणासाठी घेताय. मी सांगितलं, आमच्याकडे एका सरांचा सत्कार आहे. सत्कार शब्द तिला उमगेना, ‘सम्मान’ म्हटल्यावर मान डोलावली. तिकडे थंडी पडते का? पडते थोडी, डिसेंबर-जानेवारीत, सकाळची. तिनं शालीची घडी घालता घालता जराशी थांबून विचारलं, “फिर ओढ़ेंगे कब?”

मी काहीतरी बोलले. कार्यक्रमात, असंच काहीसं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खुपली होती. तिच्या स्वतःच्या अंगावर बाजारातला, चेन लावायचा, अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर होता. तिची सासू पायरीवर उन्हात बसली होती, तिनं मात्र पट्टू नेसला होता. तपकिरी-काळ्या चौकड्यांचं जाड लोकरी लुगडंच म्हणा ना, दोन्ही खांद्यांपाशी चांदीच्या बुमण्यांनी टाचलेलं, डोक्याला रुमाल. सुनेचाही पट्टू होता, तो ट्रंकेत. लग्नाला आणि दसऱ्याला निघतो. रोज नेसून गाई कशा बांधायच्या, तीच म्हणाली, किती वजन होतं त्याचं. आणि मला आमच्याकडच्या नऊवारी आठवल्या. आपण तरी वेगळं काय केलं? पैठणी विणणारी कुठली बाई रोज पैठणी नेसून मागावर बसते?

परंपरा या शब्दाचं मला अलीकडे जरा भ्यावंसं वाटतं. शालीवरच्या चिठ्ठीवर तो हमखास असतो. पण कुलूच्या खोऱ्यात जुनं काय, तर हा पट्टू आणि साध्या लोकरीच्या पट्ट्या, म्हणजे अरुंद पन्ह्याचं लोकरी कापड, मेंढीच्या अंगावरचे असतील ते रंग, पांढरा, काळा, करडा. आज कुलूची म्हणून आपण ओळखतो ती पायऱ्यापायऱ्यांची रंगीत फुलं तिथं आणली ती बुशहरकडून, सतलजच्या खोऱ्यातून आलेल्या विणकरांनी, आणि तीही गेल्या शतकाच्या मधल्या वर्षांत. शालीच्या मापाचा तर एक किस्साच सांगतात. बॉम्बे टॉकीजची देविकाराणी त्या खोऱ्यात आली, बनोन्तर गावच्या शेरू रामच्या मागापाशी गेली आणि तिनं त्याच्याकडून शहरात वापरता येईल अशा मापाची शाल विणून घेतली. ती पहिली. पुढे १९४५ मध्ये देविकाराणीनं चित्रकार स्वेतोस्लाव रोरिकशी लग्न केलं, मालाडचा स्टुडिओ सोडला आणि ती काही काळ नग्गरला राहिलीही. रोरिकांचं घर अजून तिथं आहे, लोक तिकीट काढून बघतात. किस्सा खरा असेल तर गंमतच आहे. ज्याला आपण पहाडाची पुरातन शाल म्हणतो तिची लांबी-रुंदी मुंबईच्या एका नटीच्या खांद्यावर बेतलेली आहे. माझी आजी तेव्हा लग्न होऊन दोन मुलांची आई झाली होती. आजीपेक्षा धाकटी परंपरा!

हे कळल्यावर मला फसवणूक झाल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट बरं वाटलं. म्हणजे कुणीतरी मागापुढे उभं राहून म्हणालं की मला एवढी हवी, आणि विणणाऱ्यानं ताणा तेवढा धरला.

त्याच सुमारास, १९४४ मध्ये, भुट्टी गावच्या विणकरांनी सहकारी सोसायटी काढली. सहकार म्हटलं की आपल्याला ऊस, चेअरमन आणि पांढरी गाडी दिसते. तिथं मूठभर विणकर होते. सोसायटी रडतखडतच चालली होती. १९५६ मध्ये ठाकूर वेद राम यांनी ती हातात घेतली आणि तिनं बाळसं धरलं. ‘भुट्टिको’ नावानं आज तिची दुकानं खोऱ्याबाहेर मोठमोठ्या शहरांतही आहेत. मी तिथं गेले होते, दरपत्रक बघितलं, आणि शेजारच्या पर्यटकांच्या बाजारात साडेतीनशेला ‘असली कुलू शाल’ ओरडून विकणारा माणूसही बघितला. त्याची शाल यंत्रमागावरची होती, पट्टीमागे धागे सुटे लोंबत होते, पण फुलं तंतोतंत तीच. ओझं नको म्हणून म्हणा किंवा नातलग मोजून म्हणा, आमच्या ग्रुपमधल्या बायकांनी त्याच्याकडून प्रत्येकी सहा-सहा घेतल्या. कुलूच्या शालीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्या भागातल्या शालीलाच ते नाव लावता येतं. १९८५ च्या कायद्याखाली हातमागासाठी राखून ठेवलेल्या अकरा वाणांत शालीचंही नाव आहे. त्या गल्लीत उभं राहून मला दोन्ही गोष्टी आठवल्या, पण ओरडणाऱ्या माणसाला त्यांचं काही सोयरसुतक नव्हतं.

या सगळ्यात सासूबाईंचं काय, हे मला परतीच्या बसमध्ये सुचलं. पायरीवर बसून त्या तकलीवर सूत काढत होत्या. मांडीवर घरच्या मेंढ्यांची लोकर, पिवळट, तेलकट, मधेच गवताची काडी. एका हातानं लोकर सैल करत जायची, दुसऱ्या हातानं तकली फिरवून सोडायची, ती भिरभिरत खाली जायची, जमिनीला टेकायच्या आत उचलून घ्यायची. बोलणं चालू, नजर इकडे, हात तिकडे. मी तो धागा गालाला लावून बघितला. टोचला. वास आला तो ओल्या जनावराचा आणि धुराचा. सुनेच्या मागावरचं सूत मात्र कोनावर गुंडाळलेलं, एकसारखं, मऊ, मेरिनोचं. मूळ लोकर ऑस्ट्रेलियाची, सूत लुधियानाहून येतं, ती म्हणाली. मग या लोकरीचं काय करता? “इसको अब कौन पूछता है,” सासूबाई मधेच म्हणाल्या. घरच्यासाठी मोजे, नवऱ्यासाठी एखादी पट्टी, उरली तर पडून राहते. गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन खिंडी ओलांडून लाहौलकडे जातात, हिवाळ्यात खाली उतरतात, मेंढ्यांची कातरणी होतेच होते, आणि त्या लोकरीला भाव नसतो. शहरातल्या खांद्यांना टोचणारं काही नको असतं. म्हणजे माग जगला, विणणारे हात जगले, आणि ज्या मेंढीसाठी हा सारा खटाटोप सुरू झाला होता ती बाजूला पडली. नग्गरच्या आसपास काही बायका गट करून आता मुद्दाम हीच देशी लोकर कातू लागल्या आहेत, अक्रोडाच्या सालीत वगैरे रंगवतात. त्या शाली महाग असतात आणि जरा टोचतात. मी एक अंगावर घेतली आणि खाली ठेवली. कारण विचाराल तर टोचली म्हणूनच. तत्त्वाच्या गोष्टी मानेला लागल्या की अशा गळून पडतात.

टोचणाऱ्या लोकरीशी माझी तशी जुनी ओळख आहे. माण तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांचं घोंगडं होतं, म्हसवडच्या बाजारातलं, घोंगडी विणणाऱ्या सनगराच्या मागावरचं. सनगर चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवं घोंगडं पत्र्यासारखं ताठ असायचं, उभं केलं तर उभं राहायचं. आजोबा ते पावसात खोळ करून डोक्यावरून घेत, उन्हात खांद्यावर टाकत, रानात अंथरत, रात्री पांघरत. आम्हा पोरांना त्यात घेतलं की आम्ही किंचाळायचो, सुया टोचल्यासारखं व्हायचं, आणि पाच मिनिटांनी त्याच उबेत झोपी जायचो. ओलं झालं की त्याला एक वास यायचा. नग्गरच्या पायरीवर त्या धाग्याला नाक लावलं तेव्हा तोच वास आला आणि पन्नास वर्षं मागे गेले. ओलं घोंगडं लवकर वाळत नाही. दोन-दोन दिवस दोरीवर लोंबत राहायचं, खाली थेंब थेंब, आणि आजी कुरकुरत त्याखालून वाकून जायची. रेंगाळलेल्या कामाला ‘भिजत घोंगडं’ का म्हणतात हे मला शाळेत शिकवावं लागलं नाही. आता गंमत बघा, सरकारी फायलींचं भिजत घोंगडं आपण रोज पेपरात वाचतो, आणि खरं भिजलेलं घोंगडं बघितलेला माणूस शोधावा लागतो.

त्या घोंगड्याचा कधी कुणी सत्कार केला नाही, की ते देऊन कुणाचा केला नाही. त्याचं आयुष्य सरळ होतं. पाठीवर घासून घासून मधे विरलं, मग आजोबांनी दुसरं घेतलं आणि हे बैलगाडीत अंथरायला गेलं. तिथं फाटलं तेव्हा त्याची चौकोनी बस्करं झाली. सगळ्यात शेवटचा तुकडा मला आठवतो तो गोठ्यात, व्यालेल्या शेळीच्या करडाखाली. त्याच्यापुढे खत. आता घोंगडीही ‘परत’ येते आहे म्हणतात. ऑनलाइन मिळते, कंबरदुखीला गुणकारी असं लिहिलेलं असतं, गिफ्ट बॉक्समध्ये येते. मला त्याची टिंगल करावीशी वाटते आणि करवत नाही. सनगराच्या घरात त्यामुळे एक माग जास्त चालत असेल तर येऊ दे बॉक्समध्ये. पण बॉक्समधून निघालेली ती घोंगडी बैलगाडीपर्यंत कधी पोचायची?

त्या व्हरांड्यातल्या बाईचा नवरा टॅक्सी चालवतो. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून बर्फ बघायला लाहौलकडे जाणाऱ्यांची रांग लागलेली असते, त्यात त्याची गाडी. त्याचे वडील विणायचे. आता विणणं बायकांकडे राहिलंय, आणि नुसतं तिथंच नव्हे, २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरातल्या पस्तीस लाख विणकर-कामगारांत सत्तर टक्क्यांहून जास्त बाया निघाल्या. पुरुष चांगल्या मजुरीकडे निघून गेले की जे काम उरतं त्याला आपण संस्कृती म्हणू लागतो, असा एक कुजका विचार माझ्या मनात आला होता. तिला मी तसं काही विचारलं नाही. विचारलं ते इतकंच, की हे आवडतं का. तिनं जरा विचार केला. बर्फ पडल्यावर चार महिने दुसरं करणार काय, ती म्हणाली, तंदूर पेटवलेला असतो, मुलं अभ्यास करत असतात, हात चालू राहतात. आणि हे पैसे माझे असतात. सफरचंदांचे पैसे घराचे. मग पुन्हा मोजायला लागली, आणि मी मधे बोलल्यामुळे तिला एक ओळ पहिल्यापासून मोजावी लागली.

तर ती शाल. सप्टेंबरात परत आली ती पलंगाच्या कठड्यावरच पडून होती. सरांना परत नेऊन द्यावी असं एकदा वाटलं, मग डोळ्यांपुढे सरांचा चेहरा आला आणि विचार सोडला. वाचनालयाच्या ऑक्टोबरच्या बैठकीत पुढच्या सत्कारांचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, शालीऐवजी पुस्तक देऊ या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चिटणीस म्हणाले, पुस्तक तर देऊच, पण शाल लागेलच ना, खांद्यावर काय टाकणार? ठराव झाला, पुस्तक आणि शाल. मी अकरातल्या चार काढून दिल्या. राखाडी दिली नाही. पण अंगावरही घेतली नाही. सत्कारातली वस्तू आपण घरात वापरायची म्हणजे कसंसंच वाटतं, जणू स्वतःचाच सत्कार चाललाय.

डिसेंबरात थंडी पडली. आई पाचला उठते, शहाऐंशी वर्षांची आहे, आणि पहिला चहा तिच्या हातचाच व्हावा लागतो. एका सकाळी स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले तर ओट्याशी ती, डोक्यावरून, कानांवरून, अगदी आजोबांच्या खोळीसारखी ती शाल घेऊन उभी. पलंगावर सापडली म्हणाली. एक टोक खांद्यावरून मागे टाकलेलं, दुसरं पोटाशी खोचलेलं, पट्टीची फुलं गॅसच्या उजेडात दिसत होती. तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रंग फार दिसतात. बोटानं फुलं चाचपत म्हणाली, इथं एक चुकलंय बघ. मी म्हटलं, हो, वीज गेली होती. तिनं कुठली वीज वगैरे विचारलं नाही. केवढ्याला पडली, एवढंच विचारलं. सांगितलं. मग ते दोनशे कशाला कापलेस त्या बाईचे, म्हणाली, आणि दूध उतू जातंय का ते बघायला वळली.

आता ती रोजच घेते. कोपऱ्यातल्या दोन दशा दाराच्या कडीत अडकून तुटल्या. गेल्या आठवड्यात फोडणी करताना हळदीचा हात लागला, चांगला रुपयाएवढा पिवळा डाग राखाडीवर उमटला. मी साबण शोधत होते, तर तिनं पदरानं पुसून तो आणखी पसरवला. “असू दे गं,” ती म्हणाली, “आता ही काय कुणाला द्यायचीय थोडीच,” आणि ते टोक पुन्हा खांद्यावरून मागे टाकून तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.